शेवटचे प्रकरण सोडून

बाईंच्या घरी चहा होत नसे. तो लागत असे. सकाळी जिन्याच्या पायथ्याशी उभ्या राहून त्या संथ, सपाट, किंचित नाकातल्या आवाजात जाहीर करत, "चहा लागलेला आहे. वरच्या मजल्यावरील प्रवाशांनी त्वरित खाली यावे." वरच्या मजल्यावर भाडेकरू म्हणून मी एकटीच राहत होते. थोड्या वेळाने हीच सूचना शब्दाचाही फरक न होता पुन्हा ऐकू येई. तिसरी सूचना नसे. तोवर चहा सुटलेला असे, म्हणजे बाईंनी तो स्वतःच पिऊन कप विसळून पालथा घातलेला असे.

त्यांची सारी नोकरी एस.टी.च्या स्थानकावर, नियंत्रण कक्षाच्या काचेमागे गेली होती. नवरा कंडक्टर होता. तो ऐन तारुण्यात गेला आणि त्याच्या जागी त्यांना नोकरी मिळाली. पुढे त्या वाहतूक नियंत्रक झाल्या. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली, कोणती सुटली आणि कोणती आज येणारच नाही, हे त्या वर्षानुवर्षे लोकांना सांगत आल्या. निवृत्तीनंतरही गल्ली त्यांना कंट्रोलरबाईच म्हणे. मी नुसते बाई म्हणत असे. एरवी त्यांची बोली कोल्हापुरी बायकांची, स्वतःलाही 'येतो-जातो' म्हणणारी, रोखठोक आणि रस्त्यापलीकडे ऐकू जाईल अशी. पण सूचना द्यायची झाली की भाषेला एकदम इस्त्री होई. स्वयंपाकघरात मांजर शिरले तर आधी त्या त्याला कोल्हापुरी शिवी देत, आणि ते हलले नाही तर शुद्ध मराठीत विनंती करत.

मी तेव्हा शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या प्रयोगशाळेत काम करत होते. ओतीव लोखंडाचे नमुने घासून, चकचकीत करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे आणि ओतकाम कुठे फसले ते सांगायचे, हे माझे काम. संध्याकाळी परदेशातल्या संशोधनाच्या जागांसाठी तयारी चाले. मला वेळ फार कमी होता आणि त्या गोष्टीचा मला अभिमान होता. कथाकादंबऱ्या हा माझ्या मते वेळेचा गळका नळ होता. शाळा सुटल्यापासून मी एकही वाचली नव्हती.

बाई मात्र वाचत, आणि फक्त एकाच जातीचे वाचत. ज्यात प्रेम आहे, जिवाला धोका आहे आणि पुढे काय होणार ते कळत नाही, असे पुस्तक त्यांना लागे. जवळच्या वाचनालयातून त्या ते आणत आणि अर्ध्यावर चिडून परत करत. तक्रार कायम एकच. "समदी पोरं असत्यात गं ह्यात," त्या म्हणत. "पंचवीस वर्साची पोरगी, तीस वर्साचा पोरगा. तेंचा कसला सस्पेन्स? आज न्हाई जमलं तर उद्या जमंल. तेंच्याकडं वेळच वेळ पडलाय."

मग एक दिवस जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर त्यांच्या हाती एक लघुकादंबरी लागली. मुखपृष्ठावर दीपगृह होते आणि पांढऱ्या केसांची एक बाई पाठमोरी उभी होती. बाईंनी पुस्तक उलटून मागचा मजकूरही वाचला नाही. पांढरे केस पाहिले आणि उचलले. त्याच आठवड्यात त्यांच्या उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आणि डॉक्टरांनी काही दिवस वाचायला बंदी केली.

त्या वर आल्या. डोळ्यावर काळा चष्मा, हातात पुस्तक. मी दर रविवारी दुपारी खाली येऊन एक प्रकरण मोठ्याने वाचायचे, असे त्यांनी मला सांगितले. विचारले नाही, सांगितले. मी अभ्यासाचे कारण पुढे केले. त्यावर त्या म्हणाल्या की थांबलेल्या गाडीला लोक शिव्या देतात तेवढ्या सुटलेल्या गाडीलाही देत नाहीत, तेव्हा मी फार थांबू नये. या वाक्याचा माझ्या अभ्यासाशी काय संबंध, हे मला अजूनही कळलेले नाही; पण मी रविवारी खाली गेले.

खाली आणखी एक श्रोता बसलेला होता. पांढरा सदरा, पांढरी टोपी, रुंद मनगटे, मांडीवर भडंगाची पुडी. हे गृहस्थ एस.टी.चे निवृत्त चालक. कित्येक वर्षे त्यांनी कुरुंदवाडची गाडी चालवली होती. बायको जाऊन बराच काळ लोटला होता. शहरालगतच्या कळंब्याच्या घरात ते मुलाबरोबर राहत. पण मुलगा नुकताच नोकरीसाठी पुण्याला बायकापोरांसह गेला होता आणि वडिलांनीही तिकडेच यावे म्हणून रोज फोन करत होता. ते नाही म्हणत नव्हते आणि जातही नव्हते. बाई त्यांना "ड्रायव्हर" म्हणत, ते बाईंना "बाई" म्हणत, आणि दोघेही एकमेकांना अहोजाहो करत.

त्यांची ओळख कशी, हे मी विचारले तेव्हा उत्तर चालककाकांनी दिले. एका पावसाळ्यात पंचगंगेला पाणी चढले होते. त्यांची गाडी प्रवाशांनी भरून फलाटावर उभी, आणि आतून आवाज आला की कुरुंदवाडला जाणारी गाडी फलाटावर आहे, ती सुटणार नाही. लोक भडकले. रस्ता अजून चालू होता. ते स्वतः खाली उतरून काचेपाशी गेले आणि भांडले. काचेमागच्या बाईने वर पाहिलेही नाही. त्याच दुपारी रस्त्यावर पाणी आले.

"मग तुम्ही आभार मानलेत का?" मी विचारले.

"न्हाई. दुसऱ्या दिवशी भडंग नेलं."

"आनि तेच आजपातूर आणत्यात," बाई म्हणाल्या. "दुसरं काय सुचंल तर शप्पथ."

ती कादंबरी कोकणातल्या एका लहान बंदरात घडत होती. सत्तावन्न वर्षांची एक विधवा तिथे चार खोल्यांचे अतिथिगृह चालवते. तिचा भाऊ होडी घेऊन गेला तो परतलेला नाही. अशात कस्टममधून निवृत्त झालेला, साठी उलटलेला एक माणूस तिच्याकडे उतरतो आणि मुक्काम वाढवत जातो. तो सभ्य आहे, अबोल आहे आणि रोज पहाटे कोणाला न सांगता धक्क्यावर जातो. तिचे त्याच्यावर मन बसते, आणि त्याच सुमारास तिला शंका येते की भाऊ नाहीसा होण्यात याचाच हात आहे. एवढ्यावर सारे पुस्तक उभे होते.

असे पुस्तक कसे भोगायचे असते, ते मी बाईंकडून पाहिले. भोगायचे हाच शब्द योग्य आहे. वाचन सुरू होण्यापूर्वी त्या पंखा बंद करत, कारण त्याचा आवाज धोक्याच्या जागी आड येई. कादंबरीतली बाई अंधाऱ्या खोलीचे दार ढकलू लागली की या उठून स्वतःच्या दाराची कडी पाहून येत. नायकाचे एखादे उत्तर संशयास्पद वाटले तर मला थांबवून त्याला तेथल्या तेथे झापत. आणि जिथे प्रेमाची जागा येई तिथे चेहरा कोरा ठेवून म्हणत, "परत वाच. ऐकू आलं न्हाई." त्यांचे कान इतके तल्लख होते की शेजारच्या घरातल्या कुकरची शिट्टीही निसटत नसे. धक्क्याच्या ओल्या पायऱ्यांवर तो तिचा कोपर धरतो आणि वर पोहोचल्यावरही लगेच सोडत नाही, एवढेच एक वाक्य होते; ते मला चार वेळा वाचावे लागले. चालककाका त्या वेळी भडंगातले शेंगदाणे निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

प्रकरण संपले की पुस्तक मिटायचे. पुढचे पान कोणी उलटून पाहायचे नाही, हा नियम होता आणि माझ्यावर त्यांचा विश्वास नव्हता. पुस्तक आठवडाभर तांदळाच्या डब्यात राही. दर रविवारी मी पानांतून तांदूळ झटकून वाचायला सुरुवात करत असे.

मधल्या आठवड्यात वाद चाले. माझा निष्कर्ष पहिल्या काही प्रकरणांतच पक्का झाला होता. पहाटेच्या फेऱ्या, वाढवलेला मुक्काम, भावाच्या होडीविषयी त्याला असलेली माहिती, या सर्वांचा अर्थ एकच होता : नायक दोषी. मी हे मुद्देसूद मांडले. बाईंनी पूर्ण ऐकून घेतले.

"आनि तेनं तिचा कोपर सोडला न्हाई, ते कशात धरलंस?" त्यांनी विचारले.

ते पुराव्यात बसत नाही, असे मी म्हणाले. बाई चालककाकांकडे वळून म्हणाल्या, "बघा. एवढं शिकलीय."

काका माझ्या बाजूने बोलायला गेले. ब्रेक लागला की नाही हे गाडी थांबल्यावरच कळते, त्याआधी सगळे अंदाज, असे काहीसे ते म्हणाले. बाईंनी त्यांना गप्प केले. पण त्या दिवसापासून त्या कादंबरीतल्या माणसाला "आपला माणूस" म्हणू लागल्या. निवड झाली होती. पुरावा नंतर यायचा होता.

मला या रविवारांची गोडी केव्हा लागली, ते मी निश्चित सांगू शकत नाही. शनिवारी प्रयोगशाळेत भिंगाखाली लोखंडातले ग्राफाइटचे काळे तुकडे पाहताना माझ्या डोक्यात धक्क्यावरची पहाट येऊ लागली, एवढे आठवते. आज मी ज्या शहरात आहे तिथे रविवारी दुपारी फार शांतता असते. माझ्यासमोर वाचायचे ढीगभर असते आणि कोणीही मला एखादे वाक्य परत वाच म्हणत नाही.

पुण्याहून फोन रविवारीच येई, बहुधा वाचन चालू असताना. काका बाहेर कट्ट्यावर जाऊन बोलत, आणि त्यांचा आवाज बाईंच्या आवाजाच्याच तोडीचा असल्यामुळे आम्हाला सगळे ऐकू येई. कधी येताय, असे मुलगा विचारत असावा. सुरुवातीला ते गुडघ्याचे, मग दारच्या आंब्याचे कारण सांगत. एका रविवारी ते म्हणाले, "एक पुस्तक चाललंय रं. ते संपलं की आलोच. शब्द दिला."

ते आत येऊन बसले. बाईंनी मला खुणेने पुढे वाचायला सांगितले. पुस्तक दोन तृतीयांश संपले होते. बाजूने पाहिले तरी कळत होते.

त्यानंतर आमचा वेग मंदावला. एका रविवारी बाईंना मागचे प्रकरण नीट आठवेना, म्हणून तेच पुन्हा वाचले. एका रविवारी त्यांचे डोके दुखत होते, म्हणून निम्मेच वाचले. डोळा तर केव्हाच बरा झाला होता. सकाळी त्या वर्तमानपत्र बारीक अक्षरांसकट वाचत आणि दुपारी काळा चष्मा लावून बसत. मी एवढी मंद नव्हते. मला आकृती दिसू लागली होती. फक्त ती मोठ्याने मांडण्याचे काम माझे नव्हते.

अखेर एकच प्रकरण उरले. त्या रविवारी सकाळी त्या वर आल्या आणि पुस्तक माझ्या टेबलावर ठेवले.

"आज संपवू नको."

"एकच प्रकरण राहिलंय, बाई."

"म्हनून तर सांगतो की."

"मग वाचू काय?"

"तू शिकलेली हायेस," त्या म्हणाल्या आणि खाली गेल्या.

मी ते शेवटचे प्रकरण एकटीने वाचून काढले, कारण काय टाळायचे ते आधी माहीत असणे आवश्यक होते. मग खाली गेले, पुस्तक उघडून समोर धरले आणि आयुष्यात पहिल्यांदा खोटे निष्कर्ष तयार करू लागले. मला रचता येत नाही. मला निरीक्षण नोंदवता येते. त्यामुळे माझ्या प्रकरणात नायिकेला खिडकीच्या चौकटीत करड्या रंगाचा चुरा सापडला. तो चुंबकाला चिकटत होता, त्याचे कण कोनदार होते आणि त्यावर गंज चढलेला नव्हता, अर्थात तो ताजा होता. पकडलेल्या गुन्हेगाराला कोंडलेली खोली कोणीतरी कानशीने गज कापून उघडली होती. गुन्हेगार पुन्हा मोकळा झाला, नायक पुन्हा संशयात आला, आणि नायिकेला निर्णय लांबणीवर टाकावा लागला.

वाचून झाल्यावर मी पुस्तक मिटले.

"लेखकाला आज लोखंडाचं लई ज्ञान झालेलं दिसतंय," काका म्हणाले.

"शिकतोय बिचारा," बाई म्हणाल्या. "घ्या, भडंग घ्या."

असे कित्येक रविवार गेले. उसाच्या गाड्या रस्त्यावर आल्या, पहाटे गार वारा सुटू लागला, आणि त्या बंदरात रहस्यामागून रहस्य उभे राहत होते. विहिरीतले पाणी आम्लधर्मी निघाले. दीपगृहाच्या जिन्याचा एक खांब आतून पोकळ निघाला. मी आठवडाभर डबा खाताना प्लॉट जुळवत असे आणि सहकारी विचारत तेव्हा अर्जाचे काम आहे म्हणून सांगत असे. शेवटच्या प्रकरणाची खरी पाने माझ्या अंगठ्याखाली तशीच राहत. बाईंनी ती वाचली नाहीत. पुस्तक अजूनही तांदळातच जाई, नियम मोडलेला नव्हता. त्यांच्या दृष्टीने ती दोन माणसे खरोखरच अजून ठरवत होती.

मग एका रविवारी मुलगा न कळवता मोटार घेऊन आला. तिशी ओलांडलेला, सौम्य, थकलेला मुलगा. त्याची आई तो लहान असतानाच गेली होती आणि घरी आता तान्हे मूल होते. त्याला वडील हवे होते यात काही गैर नव्हते. कळंब्याच्या घराला भाडेकरू मिळाला होता. तो दाराजवळच्या खुर्चीवर बसला आणि माझे सबंध प्रकरण त्याने शांतपणे ऐकले. मी त्या दिवशी फार वाईट वाचले. संपल्यावर तो बाईंना म्हणाला, "काकू, थोडंच राहिलंय तर पुस्तक मी घेऊन जातो की. मी वाचून दाखवीन बाबांना. चालंल न्हवं?"

त्याने माझ्यासमोर हात केला.

"नेऊ नका," बाई म्हणाल्या. "ते संपलंय."

"कवा?"

"लई आयतवार झाले."

मुलाने वडिलांकडे पाहिले. काका पुडीची घडी घालत होते. "मला ठावं हाय," ते म्हणाले.

"कवापास्नं?" बाईंनी विचारले. काळा चष्मा त्यांनी काढून हातात घेतला होता.

"लोखंडाचा चुरा आला तवापास्नं."

यावर एरवी त्या दोघांनी हसून घर डोक्यावर घेतले असते. काकांनी पुडी खिशात ठेवली, बाहेर काढली आणि म्हणाले, "मग तुम्ही पन चला की. संगट."

मुलगा एकदम सरळ बसला. पण लगेच म्हणाला की जागा आहे, काकूंनी खुशाल यावे. तो मनापासून म्हणाला. बाई त्याच्याकडे पाहून किंचित हसल्या आणि पुन्हा काकांकडे वळल्या.

"कोण म्हणून?"

"तुम्ही म्हनाल ते."

"मी न्हाई म्हनायचं. तुम्ही म्हनायचं."

नात्याचा तो शब्द फार लहान होता. काकांनी मुलाकडे पाहिले, भिंतीवर पाहिले, कोनाड्यातल्या पांढऱ्या बुद्धमूर्तीकडे पाहिले, मग स्वतःच्या मनगटांकडे. त्या शब्दामागे त्यांचे गाव उभे होते, भाऊबंद उभे होते, गेलेली बायको होती, आणि गावोगावच्या दोन वेगळ्या वस्त्या होत्या, एक त्यांची आणि एक बाईंची, ज्यांच्यात पाणीसुद्धा अलीकडेपर्यंत सरळ गेलेले नव्हते. ओतीव लोखंड दाब वाटेल तेवढा सोसते. ताण मात्र त्याला सोसत नाही. मी हे रोज यंत्रावर पाहत होते, पण माणसात पाहण्याची ती पहिली वेळ.

बाईंनी हातातला चष्मा मिटून बाजूला ठेवला. मग उठल्या.

"पुस्तकातल्या बाईचं शेवटच्या पानावर भागतं," त्या म्हणाल्या. "मला दुसऱ्या दिवशी उठून त्या घरात चहा करायचा असतो. बसा, टाकतो."

त्या दिवशी चहाची सूचना झाली नाही. तो नुसताच आला.

मुलगा मोटार वळवायला गेला तेव्हा मी काकांबरोबर फाटकापर्यंत गेले. बाई आल्या नाहीत. काका फाटकाच्या कडीशी खेळत राहिले. मग त्यांनी हळू आवाजात विचारले, आणि हळू आवाज त्यांना जमत नसल्यामुळे तो घरात ऐकू गेला असणार, "खऱ्या पुस्तकात काय हुतं शेवटाला? एकत्र येत्यात?"

मला क्षणभर सोयीचे उत्तर सुचले. पण मी इतके रविवार खोटे वाचले होते की आता एक तरी खरी नोंद द्यायला हवी होती.

"येतात."

"आपला माणूस न्हवता न्हवं त्यात?"

"नव्हता. तो तिच्या भावालाच शोधत होता."

त्यांनी मान हलवली. "आधी कोन बोलतं?"

"तो. धक्क्यावर, सगळ्या गावासमोर तिला लग्नाचं विचारतो."

"लेखकाचं काय जातंय," काका म्हणाले आणि मोटारीत जाऊन बसले. ते दोन दिवसांनी पुण्याला गेले.

त्यानंतर बाई आठवडाभर नेहमीसारख्या होत्या, फक्त मांजराला शिव्या देत नव्हत्या. रविवारी दुपारी त्यांनी मला खाली बोलावले. पंखा बंद होता. त्यांनी विचारले की धक्क्यावर तो विचारतो, आणि मग पुढे काय. मी सांगितले की तिथेच पुस्तक संपते.

"तिथंच? मग कुठं ऱ्हायली दोघं? जेवायला काय केलं? लोकं काय म्हनली?"

ते दिलेले नाही, असे मी म्हणाले.

"मंग तेच तर वाचायचं हुतं की गं," त्या म्हणाल्या. "बाकीचं काय, मला बी ठावं हुतं. वाच."

मी त्यांच्याकडे पाहिले. त्या गंभीर होत्या. मी पुस्तक उघडले, शेवटच्या पानानंतरच्या कोऱ्या कागदावर नजर ठेवली आणि वाचू लागले. आता चुरा, कानस, आम्ल यांचा काही उपयोग नव्हता. सकाळी दूध कोणी आणायचे, अंथरूण कोणी काढायचे, तिला आल्याचा चहा लागतो आणि त्याला लागत नाही, असले काहीतरी मी जोडत गेले. जिथे मला जमेना तिथे बाई दुरुस्ती करत. तिने असे म्हटले नसते, ती असे म्हणाली असती. दोन-तीन रविवारांत मी नुसती पुस्तक धरून बसू लागले आणि त्याच सांगू लागल्या, खालच्या आवाजात, कोऱ्या कागदाकडे पाहत. गुन्हा नव्हता, धोका नव्हता. तरी मी श्वास रोखून ऐकत असे.

मला परदेशातली जागा मिळाली. निघण्याआधीच्या रविवारी मी शेवटची खाली बसले. त्यानंतरचे मला ठाऊक नाही. फोनवर बाई मला इकडच्या थंडीविषयी विचारतात, मी त्यांना तिकडच्या पावसाविषयी विचारते. पुढचे पान उलटून पाहायची सवय त्यांनी माझी मोडली आहे. म्हणून त्या रविवारी जे ऐकले तेवढेच सांगते.

बाई सांगत होत्या आणि फोन वाजला. पुण्याहून होता. त्या मोबाइल हातभर लांब धरून बोलत, त्यामुळे दोन्ही बाजू खोलीभर ऐकू येत. काकांनी तब्येत विचारली नाही. हवा विचारली नाही.

"कुठवर आलं?" त्यांनी विचारले. आमचे वाचन अजून चालू आहे, हे बाईंनी त्यांना आधीच कळवलेले असावे.

बाईंनी माझ्याकडे पाहिले नाही. "दोघं ऱ्हायला लागल्यात," त्या म्हणाल्या.

"कुनाच्या घरात?"

"तिच्या."

तिकडे लहान मूल रडत होते. ते थांबेपर्यंत दोघेही थांबले.

"म्हंजे तो आला?"

"आला."

"आनि लोकं?"

"बोलली चार दिस. मग तेंची पन कामं हाईत की."

"लेक काय म्हनला तेचा?"

"कादंबरीत लेक न्हाई तेला," बाई म्हणाल्या. थोड्या वेळाने त्यांनी सुधारले. "असला तर समजूतदार असंल. बापावानी मुका नसंल."

काका हसले असावेत. फोनमध्ये नुसता वारा आल्यासारखे झाले. मग त्यांनी विचारले, "आनि आज काय झालं?"

"आज भांडल्यात. तेनं रश्श्यात मीठ जास्त घातलं, आनि वर म्हन्तो, घातलंच न्हाई."

"मग मिटवा की."

"ऱ्हाऊ दे हप्ताभर."

"बरं."

मला वाटले आता फोन ठेवतील. बाईंनाही तसेच वाटले असावे. त्यांचा अंगठा बटणाकडे गेला होता.

"सामान कुठं लावलं तेनं?" काकांनी विचारले. आवाज खरोखरच हळू होता.

बाईंनी मान वळवून आतल्या खोलीकडे पाहिले. तिथे अर्धी भिंत मोकळी होती. कपाट कधी सरकवले, ते मला कळलेही नव्हते.

"जागा करून ठेवलीय तिनं," त्या म्हणाल्या. "लावायचं तेनं हाय."